छंदाच्या लिखाणाचे पैसे कुणाकडून घ्यायचे?

परवा नाशिकच्या इंदिरानगरमधल्या जॉगिंग ट्रॅकवर एका मैत्रिणीने विचारलं, "तुझ्या त्या पक्ष्यांच्या ब्लॉगचे पैसे मिळतात का गं? लेक मागे लागलीय, तिलाही सुरू करायचाय." दोन फेऱ्यांत संपणारा विषय नव्हता, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मिळतात. पण ते कुणाकडून येतात, त्यावर तुम्ही पुढे काय लिहिणार हे ठरत जातं. मला हे कळायला सहा-सात वर्षं लागली.

माझे बाबा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते. सुट्टीच्या दिवशी पहाटे स्कूटरवर पुढे उभं करून मला निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला न्यायचे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर ब्रिटिश काळात बंधारा बांधला, त्यात वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. माणसाच्या दृष्टीने धरण गाळाने भरलं, पक्ष्यांच्या दृष्टीने घर झालं. बाबांना शास्त्रीय नावं येत नव्हती, मराठी नावं मात्र सगळी पाठ. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन तांबडे ठिपके, ते हळदीकुंकू. ही नावं कुठेतरी लिहून ठेवावीत एवढ्यासाठीच मी २०१३ मध्ये ब्लॉग सुरू केला. पैशाचा विचारही नव्हता.

२०१८ मध्ये गूगलच्या अ‍ॅडसेन्सने, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती लावून देणाऱ्या सेवेने, मराठीला मान्यता दिली आणि माझ्यासारख्या अनेकांनी जाहिराती लावल्या. कमाई दहा डॉलरवर गेली की पत्ता तपासण्यासाठी टपालाने पिन येतो आणि शंभर डॉलर पूर्ण झाल्याशिवाय पैसे खात्यावर जमा होत नाहीत. माझ्या दहा डॉलरना चौदा महिने लागले. पोस्टमनकाकांनी ते पाकीट दिलं तेव्हा मी आईला बोलावून दाखवलं, इतका आनंद झाला होता. पहिले शंभर डॉलर हातात यायला आणखी अडीच वर्षं गेली. रुपयांत सात हजारांच्या आसपास. वर्षाला दोन हजारही पडले नाहीत, आणि माझं फक्त निफाडला जाण्यायेण्याचं पेट्रोलच त्याच्या कितीतरी पट होतं.

आकडा लहान होता याचं मला दुःख नाही. खरा त्रास वेगळाच होता. कोणत्या लेखाला किती पैसे आले हे रोज दिसायला लागलं आणि माझी नजर तिकडे जायला लागली. तांबट पक्ष्यावर मी एक लेख लिहिला होता. त्याची टुक-टुक आणि आपल्या नाशकात तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांच्या तांबट लेनमधल्या हातोड्यांचा ठोका, यावर. लिहायला तीन आठवडे लागले. तो वाचून जुन्या नाशकातल्या एका आजोबांनी फोन केला आणि भांड्याला मठार, म्हणजे हातोडीचे ठोके, कसा मारतात, पत्रा पातळ असला की आवाज कसा बदलतो, हे अर्धा तास समजावून सांगितलं. त्या लेखाची वर्षाची कमाई चार रुपये. आणि एका संध्याकाळी घाईघाईत खरडलेल्या "नाशिकजवळच्या एका दिवसाच्या सहली"ची कमाई त्याच्या शंभरपट. लोक गूगलवर सहल शोधतात, तांबट कुणी शोधत नाही. जाहिरातदारही सहलीला निघालेल्या माणसासाठीच जास्त पैसे मोजतो. यात कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्या व्यवहाराची रीतच ती आहे. पण पुढच्या वर्षभरात मी सहलींवर अकरा लेख लिहिले आणि पक्ष्यांवर दोन.

आणि त्याच वर्षी मी घुबडाचा लेख लिहिला.

गंगापूर धरणाच्या बाजूला एका नाल्याच्या कड्यात शृंगी घुबडाचं घरटं मला सापडलं होतं. हा पक्षी झाडावर घरटं बांधत नाही, कपारीत मातीवरच अंडी घालतो. मी फोटो टाकले आणि रस्ताही सांगितला. कुठे वळायचं, गाडी कुठे लावायची, सगळं. खरं सांगायचं तर रस्ता सांगितला की लेख जास्त शोधला जातो, हे तोवर मला पक्कं माहीत झालं होतं. तो लेख आजवरचा माझा सर्वांत जास्त वाचला गेलेला लेख. दुसऱ्या रविवारी मी गेले तेव्हा तिथे सात-आठ गाड्या उभ्या होत्या आणि कुणीतरी मोबाइलचा टॉर्च कपारीत मारत होतं. तिसऱ्या रविवारी कपार रिकामी होती. अंड्यांचं काय झालं मला कळलं नाही.

लेख मी त्याच रात्री काढून टाकला. ईबर्डसारख्या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर संवेदनशील पक्ष्यांच्या नेमक्या जागा मुद्दाम लपवलेल्या असतात, हे मला आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी लिहिलं. तेव्हापासून माझ्या ब्लॉगवर एकही जाहिरात नाही.

मग दुसऱ्या प्रकारचे पैसे दारात आले. एका रिसॉर्टवाल्यांचा फोन आला. दोन रात्री सहकुटुंब राहा, वर रोख मानधन घ्या आणि "पक्षी बघायला आमच्याकडे उतरा" असं लिहा, फक्त पैसे दिलेत हे कुठे येऊ नये. मी नाही म्हटलं. इथे नवीन मुलामुलींना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याबद्दल नियमावली काढली आहे. रोख पैसे तर सोडाच, फुकटचा मुक्काम, भेटवस्तू, सवलत यातलं काहीही घेतलं असेल तर "जाहिरात" किंवा "प्रायोजित" असं वाचकाला सहज दिसेल असं, सोप्या भाषेत लिहावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. शिवाय जुलै २०२२ पासून एका वर्षात वीस हजारांहून जास्त किमतीचा असा लाभ कुणी दिला तर त्यावर दहा टक्के टीडीएस कापणं देणाऱ्याला बंधनकारक झालं. म्हणजे "फुकट राहिलो" ही सरकारच्या लेखी कमाई आहे.

पण कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. तांबटाचा लेख वाचून त्या आजोबांनी मला फोन का केला? ही बाई जे लिहिते ते स्वतः बघून लिहिते, असं त्यांना वाटलं म्हणून. दहा वर्षांत माझ्याकडे जमलेली एवढीच एक गोष्ट विकण्याजोगी आहे, आणि ती एकदा विकली की परत मिळत नाही.

"छंद आहे ना, मग पैसे कशाला?" असं म्हणणारेही पुष्कळ भेटतात. त्यांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. पहाटे चारला उठणं, लेन्सचे हप्ते, एका लेखासाठी चार चकरा, हे सगळं श्रमच आहे. आणि मराठी माणूस वाचायला पैसे देत नाही हेही मला मान्य नाही. आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची, पिढ्यान्‌पिढ्या या गावाने वर्गणी भरून पुस्तकं घरी नेली आहेत. दिवाळी अंक आपण विकतच घेतो. मराठी वाचक पैसे देतो, फक्त त्याच्याकडे कुणी सरळ मागत नाही.

मी मागितले. गेल्या चार हिवाळ्यांपासून डिसेंबर ते फेब्रुवारी, रविवारी सकाळी सहाला नाशिकच्या द्वारका चौकातून नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला निघतो. आठच माणसं, माणशी सहाशे रुपये, गाडीखर्च वेगळा. बहुतेक सगळे ब्लॉगचे वाचक असतात. निफाडच्या थंडीत कुडकुडत पाळीवर उभं राहायचं, चक्रवाक बदकं उडाली की त्यांची नारिंगी पाठ बघायची, थापट्या बदकांची चोच ओळखायची, नशीब असेल तर रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा. घरटी दाखवत नाही, हे निघतानाच सांगते. एका हंगामात जे मिळतं ते जाहिरातींच्या सगळ्या वर्षांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे. तेही उत्पन्नच, विवरणपत्रात दाखवते. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की आता मी तांबटावर लिहिते, वारकऱ्यावर लिहिते, आणि कमाई त्याने कमी होत नाही. उलट तसं लिहिलं की पुढच्या रविवारच्या जागा लवकर भरतात.

आता मैत्रिणीच्या लेकीसाठी. बाळा, जाहिरात लावायचीच असेल तर लाव, पण कोणत्या लेखाने किती कमावलं ते रोज उघडून बघू नकोस. नोकरी किंवा शिक्षण सोडू नकोस. पहिली दोन वर्षं काही मिळणार नाही असंच धरून चाल.

आणि एक हिशेब लक्षात ठेव, जो मी फार उशिरा केला. मला पक्षी ओळखायला बाबांनी शिकवलं, पण माझ्या ब्लॉगमधलं निम्मं ज्ञान नांदूरमध्यमेश्वरजवळच्या चापडगावच्या एका गाइडचं आहे. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, दहावीनंतर शाळा सुटलेली, पण धुक्यात नुसत्या आवाजावरून पक्षी सांगतो. "ताई, तो उडताना पंख बघा, गडवाल बदक आहे" हे त्याचं वाक्य मी वर्षानुवर्षं माझ्या शब्दांत लिहीत आले. कौतुक मला मिळालं, जाहिरातीचे ते सात हजारही मलाच मिळाले. पहिल्या हिवाळ्यात मी त्याला दिवसाचे ठरलेले पैसे देत होते. दुसऱ्या वर्षीपासून सहाशेतले तीनशे त्याचे, आणि लेखाखाली त्याचं नाव माझ्या नावाच्या शेजारी. पहिल्यांदा नाव छापलं तेव्हा त्याने फोनवर तो लेख आईला मोठ्याने वाचून दाखवला, आणि वाचता वाचता माझी एक चूक काढली. मी चक्रवाक नर लिहिलं होतं, फोटोतली मादी होती. लगेच दुरुस्त केलं.