ब्रॉन्कोस्कोपीत ‘एक तुकडा पुरे’ नसतो

फुप्फुसात गाठ दिसली आणि ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी, ठरली की नातेवाइकांच्या फोनवर एक संदेश हमखास येऊन पडतो. बायोप्सीचा एक तुकडा पुरतो. ब्रशिंग, वॉशिंग (आत मीठपाणी सोडून ते परत ओढून तपासणं), सुई हे सगळं बिल फुगवण्यासाठी. सुई टोचली की कॅन्सर पसरतो. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला की सुटलात. त्यावर विसंबून लोक तपासण्या नाकारतात, म्हणून हे उत्तर.

आधी तुकड्याचं. दुर्बिणीतून घातलेल्या चिमट्यात येतो तो जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा कण. गाठीचा वरचा थर सडलेला असेल तर त्यात मृत पेशीच येतात. गाठ श्वासनलिकेच्या अस्तराखाली असेल तर निरोगी अस्तर हाती लागतं. म्हणूनच तुकडेसुद्धा अनेक घेतात. ब्रश जास्त पृष्ठभागावरून सुट्या पेशी खरवडतो, सुई अस्तर भेदून आत पोचते. एकाची चूक दुसरा भरून काढतो. श्वासनलिकेत डोळ्यांना दिसणाऱ्या गाठींवरचे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा फक्त चिमट्याने सुमारे 74 टक्के कॅन्सर पकडले गेले, ब्रशने 60च्या आसपास, वॉशिंगने 48. सगळं मिळून 88. मधल्या चौदा टक्क्यांतल्या रुग्णांना एरवी पुन्हा दुर्बिणीखाली जावं लागलं असतं.

स्मॉल सेल या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या प्रकारात तर चिमट्याच्या दाबाने पेशी चिरडतात, तुकड्यात नुसते निळे ओघळ दिसतात. त्याच रुग्णाच्या ब्रशच्या स्लाइडवर पेशी शाबूत सापडू शकतात. मला हे उदाहरण सगळ्यात बोलकं वाटतं.

बिलाबद्दलची शंका पूर्ण चुकीची नाही. गाठ समोर दिसतेय, चांगले तुकडे मिळालेत, अशा वेळी वॉशिंगची भर थोडीच पडते. डॉक्टरांना कारण विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण आज ‘कॅन्सर आहे’ एवढ्यावर उपचार ठरत नाहीत. प्रकार लागतो, ईजीएफआर, एएलके अशा जनुकीय चाचण्या लागतात आणि त्यात इवलासा तुकडा संपून जातो. सुईने काढलेल्या पेशींचा सेल ब्लॉक (पेशी गोळा करून मेणात बसवलेला ठोकळा) केला तर त्यावरही या चाचण्या होतात.

सुईने कॅन्सर पसरण्याची भीती: बाहेरून छातीतून सुई घातल्यावर तिच्या वाटेवर गाठ रुजल्याची उदाहरणं आहेत, पण अत्यंत विरळ. खरे धोके म्हणजे फुप्फुसाभोवती हवा साठणं आणि रक्तस्राव. संमतीपत्र वाचताना त्यांबद्दल विचारा.

शेवटचं विधान सर्वांत घातक. गाठ फुप्फुसाच्या कडेला आणि दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर साध्या ब्रॉन्कोस्कोपीत साधारण तिघांपैकी एकाचाच कॅन्सर सापडतो. नमुन्यात क्षयाचे जंतू दिसले तर गाठीला किमान एक कारण मिळालं. नुसतं ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’ असेल तर गाठ अजून अनुत्तरित आहे. असा कागद हातात असेल तर विचारा: नमुना खरोखर गाठीतून आला का, आणि पुढचा कुठून घेणार?