काळ्या डागाला भ्यायचं आणि पांढऱ्या चमकेचं कौतुक?

नव्या आयांच्या व्हॉट्सॲप गटांत एक निरोप फिरतो. शब्द बदलतात, दावे तेच. बाळाच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात निळसर-काळा डाग असेल तर तो ग्रहणाचा. आईचं दूध आणि घरचं काजळ घातलं की वर्षात जातो. नाही गेला तर कॅन्सर, कारण डोळ्याचा कॅन्सर काळा असतो. आणि दोन डोळे दोन रंगांचे असले तर बाळ नशीबवान.

ग्रहणाचं पटकन उरकतो. गर्भात मज्जासंस्था घडत असते तिथून रंगपेशी निघतात आणि त्वचेपर्यंत, डोळ्यापर्यंत पोचतात. त्यांतल्या काही डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीतच मुक्काम करतात, तोच हा डाग. कधी त्याच बाजूच्या पापणीवर, गालावरही निळसर छटा असते. जपानी त्वचारोगतज्ज्ञ मासाओ ओटा यांनी 1939 मध्ये अशा त्वचेपर्यंत पसरलेल्या डागाचं वर्णन केलं, म्हणून त्याला ‘ओटाचा नीवस’ म्हणतात; नीवस म्हणजे त्वचेवरचा डाग. आईने त्या दिवशी विळी हातात घेतली होती की नाही, याचा इथे काडीचा संबंध नाही.

काजळाने तो जाणार कसा? रंग डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याच्या खाली आहे. खिडकीची काच पुसून घरातल्या भिंतीवरचा डाग निघत नाही. दुधाने आणि बोटाने जंतू मात्र आत जातात, आणि बाजारातल्या काही काजळ-सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे.

‘वर्षात जातो’ हा समज कुठून आला असावा, याचा अंदाज करता येतो. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या पाठीवर, कुल्ल्यांवर निळे डाग असतात आणि ते शाळेच्या वयापर्यंत बहुधा पुसट होतात. डोळ्यातला डाग तसा जात नाही. त्याने बहुतेकांना आयुष्यभर काही त्रासही होत नाही. पण अशा सुमारे 10 टक्के लोकांत डोळ्यातला दाब वाढतो आणि त्यातून काचबिंदू होऊ शकतो. तान्ह्या बाळात दाब वाढला तर डोळाच ताणून मोठा होतो, पाणी येतं, उजेड सोसत नाही. आणि आपण ‘काय टपोरे डोळे!’ म्हणून दृष्ट काढतो. डाग असलेल्या बाळाच्या डोळ्यातला दाब तपासायचा आणि पुढेही नेमाने तपासत राहायचं, हे त्या निरोपात कुठेच नाही. माझा खरा राग त्यावर आहे.

आता कॅन्सर. काळ्या रंगाशी नातं अगदीच खोटं नाही. या डागासोबत डोळ्याच्या आतल्या थरात मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, होऊ शकतो. गोऱ्या लोकांत आयुष्यभरात साधारण 400 पैकी एकाला, आशियाई लोकांत त्याहून कमी. पण तो मोठेपणीचा आजार आहे, तान्ह्या बाळात अतिशय दुर्मीळ. तरी पुढे तो होऊ शकतो म्हणून बाहुली मोठी करून डोळ्याचा आतला पडदाही अधूनमधून बघतात.

लहान मुलांच्या डोळ्यात सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर, रेटिनोब्लास्टोमा, काळा दिसतच नाही. साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो, बहुधा पाच वर्षांच्या आत. फ्लॅशच्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी मांजरासारखी पांढरी चमकते, किंवा डोळा तिरळा होतो. असा फोटो घरात हसण्यावारी जातो. लवकर सापडला तर बहुतेक मुलं वाचतात, पुष्कळदा डोळाही वाचतो. पांढरी चमक मोतीबिंदूचीही असू शकते, पण त्यातही थांबून चालत नाही.

राहिले दोन रंगांचे डोळे. बऱ्याचदा त्यात काही नसतं. मात्र एका बुबुळाचा रंग फिका, त्याच बाजूची पापणी किंचित खाली आणि बाहुली लहान असेल तर मानेतल्या किंवा छातीतल्या नसेवर दाब आहे का, गाठ आहे का, हे शोधावं लागतं. कपाळावर जन्मतः पांढरी बट असेल तर बाळाला ऐकू येतं का तेही तपासून घ्या. वार्डेनबर्ग सिंड्रोम या जन्मजात विकारात रंगातला असा फरक आणि बहिरेपण सोबत येऊ शकतात.