भाऊ, तुमचं अर्धं बरोबर निघालं

नमस्कार भाऊ. माझा जुना हॅम (हौशी रेडिओचा) सेट कसा दुरुस्त केला त्या लेखावरची तुमची कमेंट त्याच रात्री वाचली होती, पण लगेच लिहिलं असतं तर सावजीसारखं तिखट उत्तर गेलं असतं, म्हणून चार दिवस थांबलो आणि तेवढ्यात सेट परत उघडून पाहिला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. भाऊ ३० वर्षं टीव्ही-रेडिओ दुरुस्त करून राहिले. त्यांचं म्हणणं असं की १९७०च्या दशकातला हायब्रिड रिग, म्हणजे अर्धा ट्रान्झिस्टरचा अर्धा ट्यूबचा सेट, घरी आणला की आधी सगळे इलेक्ट्रोलिटिक कॅप (कपॅसिटर) बदलायचे, मगच प्लग लावायचा, मी ते केलं नाही हा निष्काळजीपणा, एक कॅप बदलून सेट चालला ते निव्वळ नशीब, आणि ८०० व्होल्टच्या सेटात मीटर लावायचं गोष्टीसारखं लिहून मी एखाद्या पोराचा जीव घेणार.

नशिबाचं आधी घेतो, कारण तेच जास्त लागलं. रिसीव्हला सेट झकास होता. ट्रान्समिटला टाकला की ड्राइव्ह (आत जाणारा सिग्नल) शून्य असताना दोन्ही फायनल, म्हणजे शेवटच्या पॉवर ट्यूब, मिळून ६० मिलिअँपिअर, म्हणजे पाहिजे तेवढाच आयडल करंट. पण दहा मिनिटांनी तोच ८०, मग ११०, आणि खोलीतला लाईट बंद करून पाहिलं तर फायनलच्या प्लेटवर लालसर डाग दिसायला लागला, तिथंच सेट बंद केला. ट्यूबचा करंट आवरून धरतं ते ग्रिडवरचं उणे व्होल्टेज, म्हणजे बायस. ते ठरवणाऱ्या पॉटवर व्होल्टेज जागच्या जागी होतं, ग्रिडच्या पिनवर मात्र उणे ५५ चे उणे ४० झालेले. म्हणजे कुठून तरी प्लस झिरपतंय. आणि ग्रिडच्या सगळ्यात जवळचं प्लस म्हणजे फायनलच्या आधीच्या ड्रायव्हर ट्यूबची प्लेट, ३०० व्होल्ट, मध्ये फक्त एक कपलिंग कॅप, ज्याचं काम सिग्नल पुढं सोडायचा आणि हे ३०० अडवायचे.

आता हा कॅप काढून मीटरवर लावला तर ओहमला अनंत, कपॅसिटन्सला बरोबर १०० पिकोफॅरड. सर्टिफिकेट द्यावं असा. पण मीटर ओहम मोजताना लावतो दोन-तीन व्होल्ट, आणि तो बिचारा नोकरी करून राहिला ३०० वर. म्हणून परत लावताना फक्त ड्रायव्हरकडचा पाय सोल्डर केला, ग्रिडकडचा मोकळा ठेवला, हीटरचा स्विच बंद केला म्हणजे ट्यूब थंड, मोकळा पाय आणि चॅसी यांच्यामध्ये मीटर क्लिपांनी अडकवला, हात बाहेर काढले आणि मग सेट चालू केला. चांगला कॅप असता तर आकडा जरासा उडून शून्याकडे आला असता. हा ४०, ९०, १७० करत २१० च्या पुढं चढला, तेही थंड असताना! गरम झाल्यावर काय करत असेल ते ग्रिडवर दिसतच होतं. १ किलोव्होल्टचा नवा मायका कॅप टाकला, आता अर्धा तास झाला तरी काटा ६० सोडत नाही.

तर भाऊ, हे नशीब कसं? हा चॉकलेटी रंगाचा सिल्व्हर मायका होता, इलेक्ट्रोलिटिक नाहीच. तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळे इलेक्ट्रोलिटिक बदलले असते तर खिसा रिकामा झाला असता, प्लेट तशीच लाल झाली असती, आणि वरून मी म्हटलं असतं की कॅप तर सगळे नवे आहेत, मग ट्यूबच गेल्या असतील, आणि त्या शोधायला निघालो असतो. माझ्या मित्राचा असाच एक सेट एका दुकानात सगळे कॅप बदलून आला होता, त्यात एक उलटा बसवलेला आणि दोन ठिकाणी बोर्डावरची तांब्याची पट्टी सोलून निघालेली. हे जुने तपकिरी बोर्ड, सोल्डरिंगची इस्त्री थोडी जास्त वेळ टेकवली की गेलं काम. आधी एक बिघाड होता, मग तीन झाले, आणि त्यातले दोन कुठे शोधायचे ते कोणालाच माहीत नाही.

हां, नागपूरच्या उन्हाचं तुम्ही बोलले ते मान्य. ढोबळ हिशोब असाच की १० डिग्री वाढली की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य अर्ध्यावर येतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५. त्यात तो सेट आधीच्या मालकाकडे पत्र्याच्या खोलीत होता. म्हणूनच पहिल्यांदा लावताना १०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाकला होता, नुसत्या रिसीव्हला, कॅपना हळूहळू जागं करायला. ट्रान्समिटला बल्ब चालत नाही, सगळं व्होल्टेज तोच खातो.

आता तुमचं बरोबर निघालेलं अर्धं. तुमची कमेंट डोक्यात होती म्हणून हायटेन्शनचे, म्हणजे फायनलच्या ८०० व्होल्टचे, दोन मोठे कॅप मोजले. सिरीजमध्ये आहेत, प्रत्येकी ५०० व्होल्टचे, आणि दोघांवर सारखं व्होल्टेज वाटायला प्रत्येकाला समांतर ४७० किलोओहमचा रेझिस्टर. आमच्याकडे रात्री उशिरा भिंतीतलं व्होल्टेज २४८ पर्यंत जातं आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप होता २२० वर, म्हणजे ८०० चे झाले ९००. ते साडेचारशे-साडेचारशे वाटले जायला पाहिजेत नं? एका कॅपवर ५२०, दुसऱ्यावर ३८०. ५०० च्या कॅपवर ५२०! बाप्पा, अंगावर काटाच आला. कॅप दोन्ही चांगलेच होते, फितूर झाला होता रेझिस्टर, ४७० चा वाढून ६४० झालेला. त्या जागी आता २२०-२२० किलोओहमचे दोन-दोन सिरीजमध्ये टाकले, कारण रेझिस्टरलाही स्वतःची व्होल्टेजची मर्यादा असते, आणि टॅप २३४ वर नेला. तुम्ही कॅपवर बोट ठेवलं होतं, चोर शेजारी सापडला, पण तुम्ही ओरडले नसते तर मी तिकडे बघितलंच नसतं, आणि एखाद्या रात्री फटाका वाजला असता.

जिवाचं जे बोलले त्यावर वादच नाही, तिथे माझीच चूक. मूळ लेखात "सेट बंद करून कॅप काढला" एवढंच लिहून पुढं गेलो. सेट बंद केला म्हणजे व्होल्टेज गेलं नाही. हे जे दोन रेझिस्टर आहेत तेच बंद केल्यावर चार्ज उतरवतात, माझ्या सेटात ५० च्या खाली यायला दोन-अडीच मिनिटं लागतात, आणि त्यातला एक तुटला असेल तर कितीही वेळ थांबा, चार्ज तसाच बसलेला. म्हणून प्लग भिंतीतून काढायचा, पाच मिनिटं थांबायचं, दोन्ही कॅप मीटरने वेगवेगळे बघायचे, मग ४७ किलोओहम १० वॉटचा रेझिस्टर नीट इन्सुलेट केलेल्या क्लिपने लावून उरलंसुरलं उतरवायचं आणि परत बघायचं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी उडवायची मर्दानगी नको. चालू सेटात हात घालायचाच नाही. आणि एक आपल्या इकडचं, कूलरसमोर बसून हे काम करू नका. खाली फरशी ओली, पायात चप्पल नाही. कूलरच्या टाकीत पाणी टाकायच्या आधी स्विच बंद करायचं इथल्या लहान पोरालाही माहीत असतं, तिथे तर २३० च असतात. माझं टेबल आता आतल्या खोलीत नेलं, घामाच्या धारा लागतात पण चालते. शिवाय कूलर बंद असला की ४० मीटर बँडवरची घरघरही जाते.

हे सगळं मूळ लेखात वर टाकलं आहे, तुमच्या कमेंटमुळे बदललं असंही लिहिलं आहे.

राहिलं "एवढ्या पैशात नवीन चायनीज सेट आला असता" हे. आला असता. माझं लायसन्स रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं आहे, ५० वॉटच्या वर जायची परवानगीच नाही, तेव्हा या १०० वॉटच्या सेटाची अर्धी ताकद मी वापरतच नाही. तरी हाच पाहिजे. आवडते म्हणून, दुसरं कारण नाही.

आता एक काम तुमच्याकडे. माझी ड्रायव्हर ट्यूब थकलेली आहे, १५ मीटरवर ड्राइव्ह पुरत नाही. १२बीवाय७ए, मुळात टीव्हीच्या व्हिडिओ अॅम्प्लिफायरसाठीच बनलेली. बर्डीवर, आपल्या सीताबर्डीच्या बाजारात, दोन दिवस फिरलो, दुकानदार नंबर ऐकून माझ्याकडेच बघत राहतात. तुमच्या जुन्या डब्यात एखादी पडलेली असली तर सांगा, मी येतो घ्यायला. तर्री-पोहे माझ्याकडून.