खुलासा: निवारा केंद्रातली मुलं ‘दत्तक’ मिळत नाहीत

पंचगंगेला पूर आला की कोल्हापुरात एक मेसेज फिरतो: ‘निवारा केंद्रात आईबापांनी टाकलेली मुलं आहेत, दत्तक हवी असल्यास फोन करा.’ हा दावा खोटा आहे. पुरात बुडणाऱ्या चिखली-आंबेवाडी गावांकडचे आईबाप दिवसा जनावरं बघायला, घरातला गाळ काढायला जातात. पोरं आजीजवळ असतात. याला टाकून देणं म्हणायचं?

खरंच एकटं मूल दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार त्याला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. आधी आईवडिलांचा शोध, दत्तक फार पुढची गोष्ट. परस्पर मूल देणं-घेणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मुलांचे फोटो तेवढे पुढे ढकलू नका.