सात चालींच्या त्या डावाबद्दल

दांडिया बाजारातल्या रविवारच्या बुद्धिबळ स्पर्धेत एका शाळकरी मुलानं 'स्वतः शोधलेल्या ओपनिंग'नं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींनी, सात चालींत मात दिली, असा मजकूर बडोद्यात फिरतोय. पांढरी मोहरी माझी होती, म्हणून सांगतो. मात खरी, शोध नव्हे. इटालियन पद्धतीनं माझा उंट पटावरच्या सी४ या घरावर आला, त्याचा घोडा डी४ वर. त्याचं ई५चं प्यादं फुकटात सोडलेलं. हा ब्लॅकबर्न शिलिंग गँबिट, म्हणजे प्यादं देऊन लावलेला जुनाच सापळा. मी घोड्यानं प्यादं खाल्लं, मग हावरटासारखं एफ७चंही. तिकडे त्याच्या वजिरानं जी२ फोडलं. शेवटी घोडा एफ३ वर: राजाला घर नाही, शह अडवायला ई२ वर आणलेला उंट वजिरानं जखडलेला, म्हणून तो घोडा मारता येईना. चौथ्या चालीला डी४चा घोडाच मारला असता तर डाव माझ्याकडे झुकला असता. पोराला पेढे मात्र मीच दिले.