मार्कचं शुभवर्तमान म्हणजे 'मत्तयाची शॉर्ट कॉपी'? त्या फॉरवर्डमधला एकेक दावा बघूया

सध्या 'बायबलचं लपवलेलं सत्य' असल्या मथळ्याचा एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात रोख आहे मार्कच्या शुभवर्तमानावर, म्हणजे बायबलच्या नव्या करारात येशूची हकीकत सांगणारी जी चार शुभवर्तमानं आहेत (मत्तय, मार्क, लूक, योहान) त्यांतल्या सगळ्यात छोट्या पुस्तकावर. दावे साधारण असे: ही चार पुस्तकं ३२५ साली नायसियाच्या परिषदेत मतदानाने निवडली, मार्क हा येशूचा शिष्यच नव्हता त्यामुळे सगळं ऐकीव, मार्क म्हणजे मत्तयाचं कापून छोटं केलेलं पुस्तक, त्यात येशू हा फक्त चांगला माणूस आहे देवाचा पुत्र वगैरे नंतरची भर, आणि शेवटचा बॉम्ब म्हणजे मूळ मार्कमध्ये पुनरुत्थानच (येशूचं मेल्यावर पुन्हा उठणं) नाही.

आता श्रद्धा ठेवायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, मला कुणाला चर्चला न्यायचं नाहीये की चर्चमधून ओढून आणायचं नाहीये. पण १६ अध्यायांचं पुस्तक आहे राव, दीड-दोन तासांत वाचून होतं, मराठीत तर ते दोनशे वर्षांपासून आहे, केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं तेही १९२४ ला छापून झालं. एवढं असून मेसेज लिहिणाऱ्याने ते उघडलेलं दिसत नाही, कारण उघडलं असतं तर पाचातले निदान तीन दावे त्याने स्वतःच खोडले असते.

नायसियाचं आधी उरकून घेऊ. ही परिषद सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावली, आत्ताच्या तुर्कस्तानात, आणि तिथे भांडण होतं एरियस नावाच्या धर्मगुरूच्या मतावरून, की पुत्र (येशू) हा पित्याच्या (देवाच्या) बरोबरीचा की निर्माण केलेला. त्याशिवाय ईस्टरची तारीख आणि चर्चच्या शिस्तीचे २० नियम. ते नियम आजही वाचायला मिळतात, त्यात कुठली पुस्तकं ठेवायची आणि कुठली टाकायची याचा एकही नियम नाही. मग मतदानाची गोष्ट आली कुठून? नवव्या शतकाच्या सुमाराच्या एका ग्रीक ग्रंथात अशी चमत्कारिक कथा आहे की सगळी पुस्तकं वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली आणि खरी होती ती आपोआप वर राहिली. म्हणजे परिषदेनंतर पाचशे-साडेपाचशे वर्षांनी. तीच कथा पुढे युरोपात फिरत राहिली, आणि २००३ च्या एका तुफान खपाच्या इंग्रजी थ्रिलर कादंबरीने 'नायसियात पुस्तकं ठरली' ही समजूत घरोघरी नेली. प्रत्यक्षात १८० च्या आसपास, म्हणजे नायसियाच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी, लियॉनचा बिशप आयरिनियस ठासून लिहितो की शुभवर्तमानं चारच, चार दिशा असतात तशी. त्याच्याही थोडं आधी, १७० च्या सुमाराला, तातियान नावाच्या माणसाने ह्याच चार पुस्तकांना एकत्र गुंफून एक सलग पुस्तक केलं होतं. डब्लिनच्या चेस्टर बीटी लायब्ररीत तिसऱ्या शतकातल्या एका पपायरस पोथीची पानं आहेत, त्या एकाच पोथीत चारही शुभवर्तमानं होती. मग नायसियात मतदान कशाचं घेतलं? (बाकी नव्या कराराच्या २७ पुस्तकांची आज आहे तीच यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात सापडते, पण तो वेगळा विषय.)

हे म्हणताना दुसऱ्या बाजूचं पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा एकतर्फी बोलतोय. 'मार्कची पहिल्या शतकातली पोथी सापडली' अशी बातमीही २०१२ पासून काही वर्षं जोरात फिरवली गेली होती. २०१८ ला तो तुकडा रीतसर प्रसिद्ध झाला तेव्हा कळलं की तो दुसऱ्या शतकाच्या शेवटचा किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीचा आहे, आणि त्यावर पहिल्या अध्यायातली मोजकीच वचनं (बायबलमधली क्रमांक दिलेली छोटी वाक्यं) आहेत. तेव्हा फॉरवर्ड काय, दोन्हीकडून येतात.

मार्क शिष्य नव्हता? बरोबर, नव्हता. पण हे 'लपवलेलं' कुणी? दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हिरापोलिसचा बिशप पापियस स्वतःच सांगतो की मार्कने प्रभूला ऐकलं नव्हतं, तो येशूचा शिष्य पेत्र याचा दुभाषा होता, आणि पेत्र सांगायचा ते त्याने लिहून काढलं, क्रमाने नाही पण काळजीपूर्वक. चर्चने हे नाकारलं नाही, उलट जपून ठेवलं. पुस्तकाच्या आत मात्र लेखकाचं नाव कुठेच नाही, पापियसची माहिती किती भरवशाची यावर अभ्यासकांचे वाद आहेत, आणि बहुतेक जण पुस्तकाचा काळ इ.स. ७० च्या आगेमागे धरतात, म्हणजे रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं त्या सुमाराला. तेराव्या अध्यायात मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही असं येतं ते त्यामुळेच महत्त्वाचं. ज्यांच्यासाठी लिहिलंय ते बहुतेक यहुदी नसावेत, कारण हात धुण्याच्या यहुदी रिवाजाचा अर्थ सातव्या अध्यायात थांबून समजावून सांगावा लागलाय.

आता 'मत्तयाची शॉर्ट कॉपी' हा दावा. खरं तर ह्याला निदान इतिहास आहे, सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीननेही मार्कला मत्तयाच्या मागून चालणारा आणि त्याचं संक्षिप्त करणारा म्हटलेलं, आणि आजही मोजके अभ्यासक मत्तय आधीचा मानतात. पण दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा म्हणजे गंमत कळते. मार्क एकूणात छोटा आहे, पण त्यातली एकेक गोष्ट मत्तयापेक्षा मोठी आहे! कबरस्तानात राहणाऱ्या, साखळदंड तोडणाऱ्या भूतग्रस्ताची गोष्ट मार्कमध्ये २० वचनं, मत्तयात ७. याईरच्या मुलीची आणि रक्तस्रावाने आजारी बाईची गोष्ट मार्कमध्ये २३ वचनं, मत्तयात ९. संक्षेप करायला बसलेला माणूस गोष्टी तिपटीने फुगवतो, आणि वर डोंगरावरचं प्रवचन, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना, जन्मकथा असला अख्खा ऐवज गाळून टाकतो? असा कुठला संक्षेप असतो?

उलट, म्हणजे मत्तयाने मार्कवरून घेतलं असं धरलं तर सगळं जुळतं. मार्कची साधारण ६६० वचनं आहेत, त्यातल्या सहाशेच्या आसपास वचनांचा मजकूर मत्तयात सापडतो, आणि अडचणीच्या जागा मत्तयात गुळगुळीत झालेल्या दिसतात. मार्क म्हणतो नासरेथात येशूला फारसं काही करता आलं 'नाही', मत्तय म्हणतो त्याने फारसे चमत्कार 'केले' नाहीत. वादळात मार्कचे शिष्य झोपलेल्या येशूला जवळजवळ खडसावतात की गुरुजी आम्ही बुडतोय आणि तुम्हाला काहीच वाटत नाही का, मत्तयात तेच शिष्य 'प्रभू, वाचवा' अशी अदबीने विनवणी करतात. मार्कमध्ये घरचे लोक येशूला धरून न्यायला येतात कारण त्याला वेड लागलंय असं बोललं जात होतं, मत्तयाने हे वाक्य घेतलेलंच नाही. खडबडीत गोष्ट नंतर घासली जाते हे समजू शकतं, पण घासलेली गोष्ट मुद्दाम खडबडीत कोण करेल? म्हणून आज बहुसंख्य अभ्यासक मार्कला चारांतलं सगळ्यात जुनं मानतात.

आणि हा माणूस लिहितो कसा ते बघा, कारण 'शॉर्ट कॉपी' म्हणणाऱ्याला ते दिसलेलंच नाही. याईर पळत येतो, माझी मुलगी मरायला टेकलीय म्हणतो, येशू निघतो, आणि वाटेतच ती बाई मागून येऊन कपड्याला हात लावते, येशू थांबतो, विचारपूस करतो, इकडे याईरचा जीव टांगणीला, आणि तेवढ्यात निरोप येतो की मुलगी गेली. बाई बारा वर्षं आजारी, मुलगी बारा वर्षांची. एका गोष्टीच्या पोटात दुसरी घालायची ही त्याची खास पद्धत आहे. अंजिराच्या झाडाला शाप, मग मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हुसकावणं, मग वाळलेलं झाड, हेही तसंच, झाडावरून मंदिराबद्दल काय म्हणायचंय ते न बोलता सांगून मोकळा.

देवाचा पुत्र ही भर नंतरची म्हणतात. पहिल्याच वाक्यात 'देवाचा पुत्र' हे शब्द काही जुन्या पोथ्यांत नाहीत हे खरंय, तेवढा मुद्दा मान्य. पण ते शब्द काढून टाका, काय फरक पडतो? बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश फाटून आवाज येतो की तू माझा प्रिय पुत्र, येशूचं रूप तेजस्वी होतं त्या रूपांतराच्या डोंगरावर परत तेच, भुतं त्याला ओळखून ओरडतात. कफर्णहूममध्ये छप्पर उघडून खाली सोडलेल्या पक्षाघाताच्या रोग्याला तो म्हणतो तुझ्या पापांची क्षमा झालीय, आणि बसलेले शास्त्री मनात म्हणतात की देवाशिवाय हे कोण करू शकतं. महायाजक सरळ विचारतो तू ख्रिस्त आहेस का, धन्यवादिताचा (म्हणजे देवाचा) पुत्र आहेस का, आणि तो म्हणतो, मी आहे. ह्या सगळ्याला भर म्हणायचं असेल तर पुस्तकात उरेल काय?

मेसेजवाल्याचा गोंधळ कुठे झालाय ते मात्र मला कळतं. मार्कचा येशू स्वतःची ओळख लपवतो. बरं झालेल्याला म्हणतो कुणाला सांगू नकोस, भुतांना गप्प करतो, पेत्र 'आपण ख्रिस्त आहात' म्हणाला तर त्यालाही बजावतो की बोलू नको. जर्मन अभ्यासक व्रेडे याने १९०१ ला ह्यावरच पुस्तक लिहिलं आणि तेव्हापासून वाद चालूय. मला स्वतःला वाटतं की ह्या लपवण्याचं उत्तर पुस्तकाच्या मधल्या भागात आहे. आठव्या अध्यायात एका आंधळ्याला दोन टप्प्यांत दिसायला लागतं, आधी माणसं झाडांसारखी चालताना दिसतात, मग स्पष्ट. दहाव्याच्या शेवटी आंधळा बार्तीमय. आणि ह्या दोन आंधळ्यांच्या मध्ये येशू तीनदा सांगतो की मला दुःख सोसावं लागेल, मारलं जाईल, मी पुन्हा उठेन, आणि तिन्ही वेळा शिष्यांच्या डोक्यावरून जातं. पहिल्यांदा पेत्र त्यालाच दटावतो, दुसऱ्यांदा ते आपल्यात मोठा कोण यावर वाद घालतात, तिसऱ्यांदा याकोब आणि योहान उजवी-डावी खुर्ची मागतात (आपल्याकडे मंत्रिमंडळ बनताना होतं तसं अगदी). त्यावर उत्तर येतं की मनुष्याचा पुत्र (येशू स्वतःला असं म्हणतो) सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला आणि पुष्कळांच्या सुटकेची किंमत म्हणून जीव द्यायला आलाय. आणि खरोखर त्याच्या उजव्या-डाव्या बाजूला शेवटी कोण येतं? वधस्तंभावरचे दोन लुटारू. म्हणजे वधस्तंभ बाजूला ठेवून 'हा ख्रिस्त' असं कुणी म्हणालं तर ते अर्धवट दिसणं आहे, म्हणून गप्प. पूर्ण पुस्तकात त्याला देवाचा पुत्र म्हणणारा पहिला माणूस कोण, तर त्याला मारायला नेमलेला रोमन शताधिपती (शंभर शिपायांवरचा अधिकारी), तेही तो मेल्यावर. हा लेखक चुकून काही गाळणारा वाटतो तुम्हाला?

राहिला बॉम्ब. सर्वात जुन्या दोन जवळजवळ पूर्ण पोथ्या, सिनाईटिकस आणि व्हॅटिकॅनस, चौथ्या शतकातल्या, त्यांत मार्क १६:८ ला (सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाला) संपतो, नंतरची बारा वचनं नाहीत. चौथ्या शतकातल्या चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसला हे माहीत होतं, बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमलाही माहीत होतं, आणि आजच्या कित्येक छापील बायबलांत तिथे कंस किंवा टीप असते. भाषाही वेगळी लागते, आठ वचनं आधी जिचं नाव आलंय त्या मग्दालीया मरीयेची नवव्यात नव्याने ओळख करून दिलीय. साप हातात धरतील आणि विष प्याले तरी काही होणार नाही हे वचन ह्याच बारांत आहे, आणि अमेरिकेत अपालाचियाच्या डोंगराळ भागातल्या काही चर्चमध्ये ते शब्दशः घेऊन साप धरतात, त्यात माणसं मेलीही आहेत. तेव्हा ही बारा वचनं मूळची नसावीत हे मी मान्यच करतो, बहुतेक ख्रिस्ती अभ्यासकही करतात. पण जुनी ती आहेतच, आयरिनियसने १८० च्या आसपास त्यातलं वाक्य दिलंय.

पण त्यावरून 'मूळ मार्कमध्ये पुनरुत्थान नाही' म्हणणं म्हणजे कमाल झाली. ती वचनं कापा, १६:८ वर थांबा. सहाव्या-सातव्या वचनांत काय आहे? कबरेत पांढऱ्या झग्यातला तरुण बायकांना सांगतो की तो उठलाय, इथे नाही, ही बघा ठेवली होती ती जागा, तो गालीलात तुमच्या पुढे जातोय. शिवाय वर सांगितलेली तीन भाकितं, आणि चौदाव्या अध्यायात गालीलाचा तोच वायदा. मार्कमध्ये नाही ते उठलेल्या येशूचं प्रत्यक्ष दर्शन, आणि ह्या दोन गोष्टींत फरक आहे. आणि कुणी म्हणेल की ही कल्पनाच नंतरची, तर सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र साधारण ५४ सालचं, मार्कच्याही आधीचं, त्याच्या पंधराव्या अध्यायात पुनरुत्थान आणि कुणाकुणाला दर्शन झालं त्याची यादी आहे.

मार्कवर खरंच प्रश्न विचारायचेत तर ते पुस्तकातच पडलेत की. २:२६ मध्ये दावीदाने पवित्र भाकर खाल्ली तेव्हा अब्याथार महायाजक होता असं येतं, जुन्या करारातल्या शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात तिथे अहीमलेख आहे, आणि मत्तय-लूक दोघांनीही ते नाव गाळलंय. ७:३१ मध्ये येशू सोरहून गालीलच्या समुद्राकडे निघतो तो सीदोनमार्गे, म्हणजे दक्षिणेला जायचं तर आधी उत्तरेला. १३:३२ मध्ये तो म्हणतो शेवटच्या त्या दिवसाची वेळ पुत्रालाही (म्हणजे त्याला स्वतःलाही) ठाऊक नाही. ह्यावर अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिलीत, उत्तरं दिलीत, ती उत्तरं खोडलीत, आणि फॉरवर्डमध्ये ह्यातला एकही मुद्दा नाही.