गूळ काढून घ्या, मग बोलू

आमच्या वस्तीच्या ग्रुपवर एक मेसेज चौथ्यांदा येऊन पडला: 'पऱ्हाटी नि संत्र्याच्या साली ड्रमात भिजवा, गूळ-यीस्ट टाका, सात दिवसांत टनामागे 500 लिटर इथेनॉल! कचरा फुकट, पण तेल कंपन्या हे दडवतात.'

आधी 500 लिटर. वाळल्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडाच्या काड्यांत, 40 टक्के सेल्युलोज (साखरेच्या लांब साखळ्या) धरा. टनाला 400 किलो, त्याचं ग्लुकोज 444 किलो, त्यातून इथेनॉल फार तर 288 लिटर. तेही कणभर वाया न जाता, कागदावर. सोबतच्या हेमिसेल्युलोज या घटकाची साखर धरली तरी 500 गाठत नाही, आणि त्यातली झायलोज नावाची साखर बेकरीचं यीस्ट खातही नाही. पानिपतच्या इथेनॉल कारखान्याची आखणीच वर्षाला 2 लाख टन भाताच्या तणसातून 3 कोटी लिटरची आहे. म्हणजे टनाला 150.

मग ड्रमात दारूचा वास येतो तो कुठून? गुळातून! पऱ्हाटीची साखर लिग्निनच्या, म्हणजे काडीला टणक करणाऱ्या पदार्थाच्या, वेढ्यात घट्ट बांधलेली असते. आधी आम्ल किंवा वाफेने तो वेढा सैल करायचा, मग सेल्युलेज एन्झाइमने साखळ्या तोडायच्या, तेव्हा कुठे यीस्टच्या तोंडी घास लागतो. हे एन्झाइम देणारी प्रसिद्ध बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन लष्कराचं सुती कापड खाताना सापडली. कापूसवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट.

साली मात्र सोप्या. लिग्निन कमी, थोडी साखर आयतीच. पण साल पिळली की डोळ्यांत उडतं ते तेल, म्हणजे लिमोनीन, यीस्टला मारक. ते आधी वाफेवर काढावं लागतं. शिवाय ओल्या सालीत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच. काटोलहून ट्रक भरला तर भाडं पाण्याचं.

दडवादडवी? पानिपतचा तो कारखाना इंडियन ऑइलचाच, 2022 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशार्पण झालेला.

आणि 'फुकट' म्हणणाऱ्याने एकदा पऱ्हाटी उपटून पाहावी. गावात ती चुलीत जाते. उरलेली पऱ्हाटी शेतात ठेवू नये हे खरंच, बोंडअळीला ती आसरा देते. पण उपटणं, तुकडे करणं, वाहणं याची मजुरी कोण देणार, यावर मेसेज गप्प.

घरी भट्टी लावणाऱ्यांसाठी आणखी एक: परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे. 'इंधन म्हणून गाळत होतो' हे पोलिसांना सांगून बघा बाप्पा.